डोळा लागला, हा कोणाचा दोष?



लोणंदच्या मुक्कामातली एक गोष्ट आम्ही बरेच दिवस मनात घेऊन फिरतो आहोत. आज ती आपल्यापुढे ठेवतो. गोष्ट लहान आहे, पण तिच्या पोटात जो प्रश्न आहे तो लहान नाही.

पहाटे काकड्याच्या आधीच दिंडीत गलका झाला. एक म्हातारबा राहुटीतून नाहीसे झाले होते. चाळीस वर्षांचे वारकरी, टाळकऱ्यांत पहिल्या रांगेतले. पण दोनएक वर्षांपासून त्यांची आठवण सुटत चालली होती. पोटच्या मुलाला ते विचारीत, "आपलं गाव कोणतं, पाव्हणं?" चार पोरे बॅटऱ्या घेऊन धावली. तासाभराने म्हातारबा सापडले ते रेल्वेच्या रुळांजवळ. "बैल सोडायचेत, उजाडलं" असे पुटपुटत ते अंधारात निघाले होते. ते बैल विकून वीस वर्षे झाली असतील.

पोरांनी त्यांना आणून त्यांच्या कारभारणीच्या हवाली केले आणि जाता जाता एक जण बोलून गेला, "मावशी, ध्यान कुठं होतं तुमचं?" त्याच्या मनात वाईट नव्हते. पण त्या माउलीच्या जिव्हारी लागले. काकडा आटोपल्यावर ती आमच्याकडे आली नि म्हणाली, "महाराज, दिसभर म्या ह्यांच्या मागं मागं असते. रातीला माझ्या पदराला ह्यांच्या उपरण्याची गाठ मारून निजते. आज वाईच डोळा लागला. गाठ सोडून हे कवा गेले, कळलं न्हाई. ह्यो दोष माझाच का?"

आम्ही "तसं काही नाही, माउली" असे म्हणून वेळ मारून नेली. खरे सांगायचे तर आमच्यापाशी उत्तर नव्हते. कीर्तनाला उभे राहिलो की आम्ही दोन दोन तास बोलतो. त्या एका प्रश्नापुढे मात्र वाणी अडली. तेच उत्तर आज शोधू या.

प्रथम हे दुखणे काय आहे ते नीट समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे "साठी बुद्धी नाठी" म्हणतात, "म्हातारचळ लागला" म्हणतात, आणि हसून सोडून देतात. कोणी म्हणतो करणी झाली, कोणी म्हणतो मागचे पाप फळले. यातले काहीही खरे नाही. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे निराळे आणि चष्मा कशासाठी असतो हेच विसरणे निराळे. दुसरा प्रकार म्हातारपणाचा स्वभाव नव्हे, तो मेंदूचा आजार आहे. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात, डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. त्याचे प्रकार अनेक आहेत. त्यांतला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार अल्झायमर या जर्मन डॉक्टरच्या नावाने ओळखला जातो. त्याने १९०६ साली तो प्रथम वैद्यांच्या सभेपुढे मांडला. यात मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होतात. आधी कालची गोष्ट जाते, मग वाट जाते, मग माणसांची नावे जातात, पुढे घास गिळणेही अवघड होते. पुरता बरा करणारा उपाय अद्याप सापडलेला नाही.

हे शहरातल्या चार घरांचे दुखणे आहे असे कोणी समजू नये. देशातल्या साठीपुढच्या माणसांची पाहणी करून २०२३ साली जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणे शंभरांतल्या सातांहून अधिक वृद्धांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, हा आजार आहे. पुरुषांपेक्षा बायकांत तो अधिक आणि शहरापेक्षा खेड्यात अधिक आढळला. म्हणजे ज्या गावांतून आपल्या दिंड्या निघतात त्याच गावांत तो आहे. तो दिसत नाही, कारण घरचे लोक लाजेने दार लावून घेतात.

इथे एक शंका वारकऱ्याच्या मनात येणारच. आपले सारे साधन म्हणजे नामस्मरण. ज्याचे स्मरणच गेले त्याने काय करावे? त्याची वारी फुकट गेली काय?

आम्ही त्या म्हातारबांकडे पाहिले होते. मुलाचे नाव गेले, गावाचे नाव गेले. पण हातात टाळ दिले की पाऊल चुकत नव्हते आणि हरिपाठ सुरू झाला की ओठ आपोआप हलत होते. डॉक्टर सांगतात, वर्षानुवर्षे घोटलेली लय आणि हाताला लागलेली सवय पुष्कळदा कालपरवाच्या आठवणींहून जास्त दिवस टिकते. म्हणून अशा माणसाला घरात कोंडून न ठेवता त्याच्या ओळखीच्या गाण्यात, कामात, माणसांत ठेवावे. पण एक दिवस तेही जाईल. मग? तान्हे लेकरू आईला नावाने ओळखीत नाही; म्हणून काही आई त्याला टाकीत नाही. ओळख ठेवायची ती ज्याला ठेवता येते त्याने. माणूस म्हणजे आठवणींचे गाठोडे नव्हे, की गाठोडे सुटले आणि माणूस संपला. ज्याची आठवण गेली त्याची आठवण आता आपण धरायची. देवाच्या दरबारात त्याची वारी रुजू आहे की नाही, ही चिंता देवाने करावी. आपण आपल्या वाट्याचे पाहावे.

आता मुख्य प्रश्न. "आपण" म्हणजे कोण? ती एकटी माउली? की तिच्याबरोबर आणखी कोणी?

हाच प्रश्न एका दूरच्या देशात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जपानात आईची प्रांतात ओबू नावाचे शहर आहे. डिसेंबर २००७ मध्ये तिथले एक ९१ वर्षांचे गृहस्थ, ज्यांना स्मृतिभ्रंश होता, घरातून नकळत बाहेर पडले, रेल्वेच्या रुळांवर गेले आणि गाडीखाली सापडून वारले. घरात त्यांची ८५ वर्षांची पत्नी होती. तिचीही प्रकृती धड नव्हती. सासऱ्यांच्या सेवेसाठी थोरली सून आपले बिऱ्हाड सोडून जवळ येऊन राहिली होती. सून काही कामात होती आणि पत्नीचा थोडा वेळ डोळा लागला. तेवढ्यात हे घडले.

पुढे रेल्वे कंपनीने घरच्यांवर दावा लावला. गाड्या खोळंबल्या, प्रवासी दुसऱ्या वाटेने न्यावे लागले, त्याची भरपाई सुमारे ७२ लाख येन मागितली. २०१३ साली खालच्या न्यायालयाने पत्नी आणि थोरला मुलगा यांनी ती सर्व भरावी असे ठरवले. २०१४ साली वरच्या न्यायालयाने मुलाला सोडले आणि पत्नीने निम्मी भरावी असे म्हटले. साऱ्या जपानात खळबळ उडाली. घरोघरी म्हातारी माणसे म्हाताऱ्यांना सांभाळीत होती. जो तो मनाशी म्हणाला, उद्या माझा डोळा लागला तर? मग दाराला बाहेरून कुलूप घालण्यावाचून उपाय काय?

मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. पत्नी एका घरात राहते एवढ्यावरून ती कायद्याने जबाबदार ठरत नाही. सांभाळणाऱ्याचे वय काय, प्रकृती कशी, सांभाळ प्रत्यक्षात कसा चालला आहे, हे सर्व पाहिले पाहिजे. या घरात पत्नीला आणि मुलाला दोषी धरता येत नाही, असा तो निर्णय.

वाचकहो, इथे थांबून विचार करा. न्यायालयाने दोष काढला, हे बरे झाले. पण रेल्वेचे नुकसान काही खोटे नव्हते. दुसरा कोणी प्रवासी त्यात दगावला असता तर त्याच्या बायकामुलांनी कोणाकडे पाहायचे? घरच्यांचा दोष नाही म्हटल्याने भार नाहीसा होत नाही, तो फक्त खांद्यावरून उतरतो. तो कोणी तरी उचललाच पाहिजे. जपानातल्या यामातो नावाच्या शहराने २०१७ साली आपल्या गावातल्या अशा आजाऱ्यांसाठी नगरपालिकेच्या पैशाने विमा उतरवला, म्हणजे असे काही घडले तर भरपाई एका घराने न देता गावाने मिळून द्यावी. पुढे इतर शहरांनीही तसे केले. त्याआधी २००० सालापासूनच त्या देशात चाळिशीपुढचा प्रत्येक माणूस दरमहा थोडी वर्गणी भरतो आणि त्यातून म्हाताऱ्यांसाठी घरी मदतनीस, दिवसाचे सांभाळकेंद्र, चार दिवस मुक्कामाची सोय मिळते. २००५ पासून तिथे सामान्य लोकांना, दुकानदारांना, बँकेतल्या कारकुनांना, शाळेतल्या मुलांना, हा आजार म्हणजे काय आणि असा माणूस रस्त्यात भेटला तर त्याच्याशी कसे बोलावे हे थोडक्यात शिकवतात. असे शिकलेले लोक एक कोटीहून अधिक झाले आहेत. आणि २००४ साली त्यांनी या आजाराचे जुने नावच टाकून दिले, कारण त्या नावात वेडगळपणाचा अर्थ होता. आपला "म्हातारचळ" शब्दही टाकण्याच्याच लायकीचा आहे.

हे वाचताना आम्हांला आपल्या सप्ताहातली वीणा आठवली. सात दिवस सात रात्री वीणा खाली ठेवायची नाही, हा नेम. पण तो नेम एकटा विणेकरी पाळतो काय? कितीही निष्ठावंत असला तरी तिसऱ्या रात्री तो कोसळेल. म्हणून फळ्यावर पहाऱ्यांची यादी लागते. दोन तास झाले की दुसरा येतो, वीणा गळ्यात घेतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात. वीणा अखंड राहते ती हात बदलतात म्हणून. पहाऱ्याची यादीच लावली नाही आणि पहाटे वीणा खाली आली, तर दोष विणेकऱ्याचा की सप्ताह लावणाऱ्या मंडळींचा?

त्या माउलीच्या गळ्यात दोन वर्षे वीणा आहे. तिच्या पहाऱ्यानंतरचे नाव फळ्यावर कोणी लिहिलेलेच नाही.

आता आपल्याकडे फळ्यावर काय लिहिले आहे ते पाहू. २००७ सालचा कायदा आहे, आईबापांच्या आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाचा. मुलगा पोसत नसेल तर न्यायाधिकरणाकडे जाता येते. म्हाताऱ्याला मुद्दाम टाकून दिले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. कायदा योग्यच आहे. पण तो टाकणाऱ्याला धाक घालतो. जो टाकीत नाही आणि रात्र रात्र जागतो त्याला दोन तास सोडवायला कोण येईल, हे सांगत नाही. २०२४ सालापासून सत्तरीपुढच्या सर्वांना वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचे सरकारी कार्ड आहे. तेही चांगले. पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावरचे. हा आजार तर दहा दहा वर्षे घरातल्या ओसरीवर चालतो. आपल्या राज्यात गरीब वृद्धांसाठी श्रावणबाळाच्या नावाची योजना आहे. २०२३ साली तिची रक्कम महिना दीड हजार झाली. श्रावणबाळाने कावड खांद्यावर घेतली होती. दीड हजारांत कावडीची दोरी तेवढी येईल.

आणि कागदांचे हाल निराळेच. म्हातारा सही विसरला की त्याचेच पैसे बँकेतून निघत नाहीत. लोक सांगतात मुखत्यारपत्र करून ठेवा. पण १८७२ सालच्या करार कायद्याप्रमाणे लिहून देणाऱ्याची बुद्धी गेली की मुखत्यारी संपते. म्हणजे छत्री आहे, पण पाऊस आला की मिटते. मग पालक नेमून घेण्यासाठी घरच्यांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागल्याची उदाहरणे आहेत. ज्याच्याकडे दोन एकर जिराईत आहे त्याने मुंबईचा वकील कुठून करायचा? २०१६ च्या अपंगांच्या कायद्यात एकवीस प्रकार दिले आहेत. त्यांत कंपवाताचे नाव आहे, स्मृतिभ्रंशाचे नावाने नाही. ज्याचे नाव यादीत नाही त्याला दाखल्याच्या खिडकीपुढे जास्त वेळ उभे राहावे लागते. २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा मात्र एक चांगली सोय देतो. शुद्ध असतानाच माणसाला लिहून ठेवता येते की, पुढे माझ्यावर कसे उपचार करावे आणि माझ्या वतीने कोणी ठरवावे. ही सोय फारच थोड्यांना ठाऊक आहे. आजार नुकताच कळला असेल तर त्या माणसालाच विचारून हे लिहून घ्यावे.

यावर कोणी म्हणेल, "महाराज, आईबापांची सेवा हा घरचा धर्म. पुंडलिकाने विटेवर उभे केले ते कशाच्या जोरावर? आणि तुम्ही सरकारपुढे हात पसरायला सांगता? अशाने पोरे आळशी होतील, म्हातारी माणसे सरकारी कोठीत जाऊन पडतील." हा आक्षेप हलका नाही. सेवा विकत आणता येत नाही, हे आम्हीही मानतो.

पण आपल्या वारीकडेच पाहा ना. आज पालखीच्या वाटेवर सरकारचे पाण्याचे टँकर असतात, आरोग्यपथके असतात, तळावर दिवे असतात, रस्त्याला पोलीस असतात. त्यामुळे कोणाची वारी कमी झाली? चालायचे ते आपल्याच पायांनी. टँकर आपल्यासाठी चालत नाही, आपण तहानेने पडू नये एवढेच पाहतो. तसेच हे. दोन तास कोणी म्हाताऱ्याजवळ बसला म्हणून सुनेची सेवा संपत नाही, ती टिकते. उलट जिथे मदत नाही तिथे काय होते ते आम्ही घरोघर पाहिले आहे. आधी चिडचिड, मग ओरडणे, मग दाराला कुलूप, आणि शेवटी एखादा हातही उगारला जातो. तो हात उगारणारा राक्षस नसतो, तो तीन महिन्यांचा जागा असतो. सेवेचे असे पाप होऊ नये म्हणूनच पहारा बदलला पाहिजे. आणि सरकार म्हणजे कोणी परका सावकार नव्हे. सर्वांनी भरलेल्या पट्टीची ती पेटी आहे. पट्टी भरणाऱ्याने हिशेब विचारला तर ती भीक होत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. मागायचे ते नीट मागावे. नाही तर मोठ्या भिंतींची इमारत उभी राहील आणि आपली माणसे तिच्यात कोंडली जातील. म्हणून आमच्या मते चार गोष्टी मागाव्यात. पहिली, तालुक्याच्या दवाखान्यात विसरण्याची तपासणी व्हावी. काही जणांचे विसरणे जीवनसत्त्वाच्या कमतरतेने, थायरॉइडच्या बिघाडाने किंवा मनाच्या उदासीने आलेले असते आणि उपचाराने सुधारते. तपासल्यावाचून ते कळत नाही. दुसरी, जवळपास दिवसाचे सांभाळघर असावे आणि शिकलेला माणूस आठवड्यातून काही तास घरी यावा. केरळ राज्याने २०१४ साली या आजारासाठी सरकारी उपक्रम सुरू केला, म्हणजे आपल्या देशात हे अशक्य नाही. तिसरी, बँक, पेन्शन आणि पालक नेमण्याचे काम तालुक्याच्या ठिकाणी, थोड्या कागदांत व्हावे.

चौथी गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. ही योजना आखताना ज्यांना आजार आहे त्यांना आणि त्यांना सांभाळणाऱ्यांना विचारावे. स्कॉटलंडमध्ये २००२ साली अशाच आजाऱ्यांनी आपला एक गट काढला. त्याचे सभासद फक्त ज्यांना स्मृतिभ्रंश आहे तेच. आरंभीच्या काळात माणूस पुष्कळ बोलू शकतो, आपल्याला काय हवे ते सांगू शकतो. त्यांनी सरकारपुढे जाऊन स्वतःचे म्हणणे मांडले. पुढे २०१३ सालापासून तिथल्या सरकारने, आजार कळल्यावर वर्षभर एक जाणता माणूस सोबतीला देण्याचे वचन दिले. आपण मात्र म्हाताऱ्याच्या देखत त्याच्याविषयी बोलतो, जणू तो भिंत आहे.

जगातल्या देशांनी २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत ठरवले होते की २०२५ पर्यंत बहुतेक देशांनी या आजारासाठी आपापला आराखडा करावा. त्या सभेत आपला देशही आहे. २०२४ संपले तरी आपला असा स्वतंत्र राष्ट्रीय आराखडा झालेला नव्हता. तो आपोआप होत नाही. ग्रामसभेत ठराव करा, आमदाराला विचारा, मते मागायला येणाऱ्याला त्या माउलीचा प्रश्न ऐकवा. लाजून दार लावून घेतलेल्या घरांची गणती कोणत्याच दप्तरात होत नाही, म्हणून आधी दार उघडा.

सरकारचे सरकार करील. आपल्या दिंडीचे काय? आमच्या दिंडीने दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, गळ्यात नाव, गाव आणि फोनचा क्रमांक असलेली चिठ्ठी सर्वांनीच घालायची, विणेकऱ्यापासून पाणक्यापर्यंत. म्हणजे कोणा एकावर शिक्का बसत नाही. दुसरी, रात्री राहुटीच्या तोंडाशी दोन दोन तासांचा पहारा.

आणि त्या माउलीला आम्ही जाऊन भेटलो. म्हटले, "माउली, लोणंदला तुम्ही विचारलं त्याचं उत्तर आज घेऊन आलो. डोळा तुमचा लागला, पण दोष तुमचा नाही. पहारा आमचा होता, तो आम्ही लावलाच नव्हता." ती काही बोलली नाही. म्हातारबा ओसरीवर बसले होते. त्यांनी आम्हांला ओळखले नाही. पण "बसा, च्या घ्या" म्हणाले. आम्ही बसलो. ती आत गेली आणि, सून सांगत होती, तासभर शांत निजली.

असो. आपल्या आळीत, आपल्या वस्तीवर अशी एखादी माउली असेलच. या एकादशीला देवळात जाण्याआधी तिच्या घरी दोन तास बसून यावे, एवढीच विनंती.

रामकृष्णहरी.